प्रतिकृतीवरील सराव आणि रुग्णांची सुरक्षितता : बेळगावचा अनुभव

गेल्या दोन दशकांत भारतातील बाळंतपणाची जागा बदलली आहे. २००५-०६ च्या तिसऱ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दर १०० प्रसूतींपैकी सुमारे ३९ प्रसूती आरोग्य संस्थांमध्ये होत असल्याचे आढळले होते. २०१९-२१ च्या पाचव्या सर्वेक्षणात हे प्रमाण ८८.६ टक्क्यांवर पोहोचले. २००५ मध्ये सुरू झालेली जननी सुरक्षा योजना, २०११ चा जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम, रुग्णवाहिकांची सोय आणि आशा कार्यकर्तींचे परिश्रम यांचा या बदलात मोठा वाटा आहे. मात्र माता दवाखान्याच्या दारापर्यंत पोहोचली म्हणजे ती व तिचे बाळ सुरक्षित झाले, असे मानता येत नाही. नमुना नोंदणी पद्धतीच्या २०२१ च्या अहवालानुसार देशात दर हजार जिवंत जन्मांमागे १९ बाळे वयाचे २८ दिवस पूर्ण होण्याआधी दगावत होती. शाश्वत विकास उद्दिष्टांनुसार २०३० पर्यंत हा दर १२ किंवा त्याहून खाली आणावयाचा आहे.

प्रसूती संस्थेत होऊ लागल्यानंतर पुढचा प्रश्न उभा राहतो, तो तेथील हातांच्या कौशल्याचा. अडचणीच्या क्षणी डॉक्टर वा परिचारिका काय करतात, कोणत्या क्रमाने करतात आणि किती वेळात करतात, यावर जीव वाचणे अवलंबून असते. हे कौशल्य पुस्तक वाचून येत नाही आणि ते प्रथमच जिवंत रुग्णावर आजमावणे नैतिकदृष्ट्या योग्य नाही. या पेचातून मार्ग काढणारी पद्धत म्हणजे सिम्युलेशन, अर्थात खऱ्या प्रसंगाची प्रतिकृती उभी करून तिच्यावर केलेला सराव. या पद्धतीची शक्ती आणि तिच्या मर्यादा या दोन्ही गोष्टी सीमाभागातील बेळगावच्या अनुभवातून स्पष्टपणे समजतात.

वैद्यकीय चूक : व्यक्तीची की व्यवस्थेची?

वैद्यकीय चुकांचा विषय जागतिक चर्चेत आला तो १९९९ मध्ये. अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन या संस्थेने त्या वर्षी जाहीर केलेल्या अहवालात, त्या देशातील रुग्णालयांत टाळता येण्याजोग्या चुकांमुळे दरवर्षी ४४ हजार ते ९८ हजार रुग्ण मृत्युमुखी पडत असावेत, असा अंदाज मांडला होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते जगात दर दहा रुग्णांपैकी सुमारे एकाला उपचारादरम्यान इजा पोहोचते, दरवर्षी ३० लाखांहून अधिक मृत्यू असुरक्षित उपचारांमुळे होतात आणि अशा इजांपैकी निम्म्याहून अधिक टाळता येण्याजोग्या असतात. २०१९ पासून १७ सप्टेंबर हा दिवस जागतिक रुग्णसुरक्षा दिन म्हणून पाळला जातो. भारतानेही २०१८ ते २०२५ या कालावधीसाठी राष्ट्रीय रुग्णसुरक्षा अंमलबजावणी आराखडा तयार केला होता.

चूक आणि निष्काळजीपणा यांतील भेद येथे लक्षात घ्यावयास हवा. २००५ मध्ये जेकब मॅथ्यू विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, निर्णयातील प्रत्येक चूक म्हणजे फौजदारी निष्काळजीपणा नव्हे. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांनी हाच विचार वेगळ्या रीतीने मांडला. त्यांच्या मते अपघात बहुधा एका माणसाच्या एका चुकीमुळे घडत नाही. संरक्षणाचे अनेक थर असतात आणि प्रत्येक थरात काही छिद्रे असतात. ही छिद्रे एका रेषेत आली की धोका थेट रुग्णापर्यंत पोहोचतो. अंबू बॅग कपाटात कुलूपबंद असणे, कपाटाची किल्ली दुसऱ्या पाळीच्या परिचारिकेकडे असणे, मास्कचा आकार बाळाच्या चेहऱ्याला न बसणे आणि मदतीला कोणास बोलवावे हे ठरलेले नसणे, ही अशीच छिद्रे होत. व्यक्तीला शिक्षा केल्याने ती बुजत नाहीत. प्रसंग येण्याआधी ती दिसावी लागतात आणि ती दाखवून देण्याचे काम सराव करतो.

सरावाची जुनी परंपरा

रुग्णावर हात चालविण्यापूर्वी निर्जीव वस्तूवर सराव करावा, हा विचार भारताला नवा नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील नवव्या अध्यायाचा विषयच ‘योग्या’, म्हणजे शस्त्रकर्माचा सराव, हा आहे. सर्व शास्त्र शिकलेला शिष्यही सराव केल्याशिवाय प्रत्यक्ष कर्मास अपात्र समजावा, अशी तेथील भूमिका आहे. छेद घेण्याचा सराव कोहळा, दुधी भोपळा, कलिंगड, काकडी यांवर करावा, भेदन करण्याचा सराव पाणी वा चिखल भरलेल्या कातडी पिशवीवर करावा, शीर वेधण्याचा सराव मृत जनावरांच्या शिरांवर व कमळाच्या देठावर करावा, टाके घालण्याचा सराव पातळ वस्त्रावर आणि मऊ कातड्यावर करावा, असे त्यात सविस्तर सांगितले आहे. पट्टी बांधणे शिकण्यासाठी तर माणसाच्या आकाराचा पुतळा सुचविला आहे. कोणत्या कर्मासाठी कोणती वस्तू योग्य, याची निवड स्पर्श व प्रतिकार यांच्या साधर्म्यावरून केलेली दिसते. आजचे सिम्युलेशन याच तत्त्वावर उभे आहे.

अठराव्या शतकात फ्रान्समध्ये मादाम द्यु कूद्रे या सुईणीने कापड व कातडे वापरून कटिभाग आणि बाळ यांची प्रतिकृती तयार केली. राजा पंधरावा लुई याच्या आदेशावरून १७५९ पासून सुमारे पाव शतक तिने गावोगाव फिरून ग्रामीण सुईणींना त्यावर प्रशिक्षण दिले. विसाव्या शतकात विमानचालनाने या पद्धतीला आधुनिक रूप दिले. १९२९ मध्ये अमेरिकेतील एडविन लिंक यांनी जमिनीवर राहून उड्डाणाचा सराव करता येईल असे यंत्र बनविले. १९६० मध्ये नॉर्वेतील खेळणी तयार करणारे आस्मुन्द लेरडाल यांनी कृत्रिम श्वास शिकविण्यासाठी ‘रेससी अ‍ॅन’ ही बाहुली बाजारात आणली. १९६३ मध्ये हॉवर्ड बॅरोज यांनी रुग्णाची भूमिका करणाऱ्या प्रशिक्षित व्यक्तींचा वापर सुरू केला. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात ‘सिम वन’ हा संगणकनियंत्रित पुतळा तयार झाला. १९८० च्या दशकात स्टॅनफर्ड येथील भूलतज्ज्ञ डेव्हिड गाबा यांनी संपूर्ण शस्त्रक्रियागृहाची प्रतिकृती उभी करून, आणीबाणीच्या वेळी चमूने एकत्र कसे काम करावे, याचे प्रशिक्षण सुरू केले. येथे सरावाचा विषय एका माणसाच्या हाताकडून संपूर्ण चमूकडे वळला.

सिम्युलेशनचे प्रकार आणि घटक

वैद्यकीय शिक्षणात या पद्धतीचे सर्वसाधारणपणे चार प्रकार आढळतात. इंजेक्शन, टाके, मूत्रनलिका यांसारख्या एकेका कामासाठी वापरला जाणारा अवयवाचा नमुना हा पहिला प्रकार. नाडी, श्वास, रक्तदाब दर्शविणारा संगणकनियंत्रित पुतळा हा दुसरा. रुग्णाची भूमिका करणारी प्रशिक्षित व्यक्ती हा तिसरा, तर संगणकाच्या पडद्यावरील आभासी सराव हा चौथा प्रकार होय. यांचे मिश्रणही केले जाते. उदाहरणार्थ, एखादी परिचारिका मातेची भूमिका करते आणि तिच्या अंगावर बांधलेल्या साध्या साधनातून बाळाचा जन्म व रक्तस्राव दाखविला जातो. आई वेदनेने ओरडत असताना, नातेवाईक प्रश्न विचारीत असताना हात स्थिर ठेवण्याचा सराव अशाच प्रसंगातून होतो.

साधन महागडे असले म्हणजे शिक्षण उत्तम झाले, असा समज चुकीचा आहे. शिकणाऱ्याने जे कौशल्य मिळवावयाचे आहे, त्याच्याशी साधनाचे साधर्म्य असले म्हणजे पुरते. खरे महत्त्व आहे ते सरावानंतरच्या चर्चेला. काय घडले, तसे का घडले आणि पुढच्या वेळी काय बदलावे, या तीन प्रश्नांवर चमूने मोकळेपणाने बोलावे, अशी अपेक्षा असते. चूक दाखविताना अपमान होणार नाही, ही हमी त्यासाठी आवश्यक आहे. वरिष्ठांना प्रश्न विचारण्याची सवय नसलेल्या व्यवस्थेत हा भाग सर्वांत अवघड ठरतो. मिळालेली सूचना ऐकणाऱ्याने मोठ्याने पुन्हा म्हणणे आणि काम झाल्यावर तसे सांगणे, ही साधी सवयही औषधाच्या मात्रेतील घोटाळे टाळू शकते.

जन्मानंतरचे पहिले मिनिट

पूर्ण दिवसांच्या बाळांपैकी सुमारे ८५ टक्के बाळे जन्मानंतर अर्ध्या मिनिटाच्या आत आपोआप श्वास घेऊ लागतात. आणखी सुमारे १० टक्के बाळांना कोरडे पुसून, पाठ चोळून चालना द्यावी लागते. उरलेल्या सुमारे ५ टक्के बाळांना अंबू बॅग व मास्कच्या साहाय्याने कृत्रिम श्वास द्यावा लागतो. छातीवर दाब देण्याची किंवा औषधे देण्याची वेळ फार थोड्या बाळांवर येते. म्हणजेच, श्वास कोंडलेल्या बहुसंख्य बाळांना वाचविण्यासाठी अतिदक्षता विभागापेक्षा हाताशी असलेली एक पिशवी, योग्य आकाराचा मास्क आणि ती वापरण्याचा सराव यांची आधी गरज असते. हे सारे जन्मापासून साठ सेकंदांत सुरू व्हावे लागते. म्हणून या अवधीला ‘सुवर्ण मिनिट’ म्हणतात.

हे काम वरवर सोपे वाटते. प्रत्यक्षात बाळाची मान किंचित मागे ठेवावी लागते. ती जास्त वळली किंवा पुढे वाकली तर श्वासमार्ग बंद होतो. मास्क चेहऱ्यावर घट्ट न बसल्यास हवा बाजूने निघून जाते आणि छाती वर येत नाही. पिशवी फार जोरात दाबली तर कोवळ्या फुप्फुसांना इजा होते. लहान आरोग्य केंद्रात महिन्याला मोजक्याच प्रसूती होतात, त्यामुळे तेथील परिचारिकेवर असा प्रसंग वर्षातून एकदोनदाच येतो. जो प्रसंग क्वचित येतो, पण आला की विचार करण्यास वेळ देत नाही, त्याचे कौशल्य केवळ अनुभवातून मिळणार नाही. सिम्युलेशनची खरी जागा येथे आहे.

अमेरिकन बालरोग अकादमीने २०१० मध्ये इतर संस्थांच्या सहकार्याने ‘हेल्पिंग बेबीज ब्रीद’ हा अभ्यासक्रम सुरू केला. कमी साधनांच्या ठिकाणी काम करणाऱ्यांसाठी तो मुद्दाम सुटसुटीत ठेवला होता. त्यात चित्रमय तक्ता असतो आणि पाणी भरले की नवजात बाळाइतके वजन होणारी एक बाहुली असते. प्रशिक्षक लहान फुगे दाबून बाहुलीच्या नाळेची नाडी व श्वास दाखवू शकतो. शिकणाऱ्यांनी जोडीने, आळीपाळीने सराव करावयाचा असतो.

बेळगावचा अभ्यास

बेळगाव येथील जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय १९६३ मध्ये स्थापन झाले. येथील संशोधकांनी या अभ्यासक्रमाचा परिणाम कर्नाटकात तपासला आणि त्याचे निष्कर्ष २०१३ मध्ये ‘पीडियाट्रिक्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ग्रामीण प्राथमिक आरोग्य केंद्रे, जिल्हा रुग्णालये व शहरी रुग्णालये यांतील ५९९ प्रसूती-सेवकांना प्रशिक्षण देण्यात आले. आधी प्रशिक्षक घडवावेत आणि त्यांनी पुढे इतरांना शिकवावे, अशी पद्धत वापरली गेली. प्रशिक्षणापूर्वीचे ४,१८७ आणि नंतरचे ५,४११ जन्म यांची तुलना करण्यात आली.

प्रशिक्षणानंतर उपजत मृत्यूंचे प्रमाण ३.० टक्क्यांवरून २.३ टक्क्यांवर आले. त्यातही ‘ताजे’ उपजत मृत्यू, म्हणजे प्रसूतीच्या काळात किंवा तिच्या अगदी आधी झालेले मानले जाणारे मृत्यू, १.७ टक्क्यांवरून ०.९ टक्क्यांवर आले. दर हजार जन्मांमागे सतराऐवजी नऊ, असा हा फरक आहे. पुनरुज्जीवनाचे उपचार करावे लागलेल्या बाळांचे एकूण प्रमाण कमी झाले, मात्र बॅग व मास्क वापरण्याचे प्रमाण वाढले. म्हणजे जो उपाय खरोखर उपयोगी आहे, तो अधिक वेळा केला जाऊ लागला.

या आकड्यांचा अर्थ नीट समजून घेणे महत्त्वाचे आहे. गर्भाशयात आधीच दगावलेले बाळ कोणत्याही प्रशिक्षणाने परत येत नाही. मग उपजत मृत्यू घटले कसे? काही बाळे जन्मतः निळी, शिथिल व निःशब्द असतात. ती श्वास घेत नाहीत, पण त्यांचे हृदय चालू असते. नाळेची नाडी न पाहता अशा बाळाला मृत समजून बाजूला ठेवले, तर नोंदवहीत ‘उपजत मृत’ अशी नोंद होते आणि चूक कोणाच्याही लक्षात येत नाही. बाहुलीवर सराव केलेली परिचारिका नोंद करण्याऐवजी बॅग उचलते. ‘ताजे’ उपजत मृत्यू जवळजवळ निम्म्याने घटण्यामागे हे प्रमुख कारण असण्याचा संभव आहे. वैद्यकीय चूक नेहमी चुकीच्या कृतीच्या रूपात समोर येत नाही. न झालेली कृतीही चूकच असते, पण ती नोंदीत दिसत नाही.

यशाच्या मर्यादा

याच अभ्यासात २८ दिवसांपर्यंतचा नवजात मृत्यूदर मात्र बदलला नाही. तो आधी १.८ टक्के होता आणि नंतर १.९ टक्के राहिला. हा फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या नगण्य आहे. कमी वजन, अपुऱ्या दिवसांचा जन्म, जंतुसंसर्ग, स्तनपानातील अडचणी ही नवजात मृत्यूंची इतर कारणे आहेत. पहिल्या मिनिटाचे प्रशिक्षण पहिल्या मिनिटापुरते काम करते. पुढच्या २८ दिवसांसाठी नवजात अतिदक्षता कक्ष, घरभेटी आणि योग्य वेळी संदर्भसेवा यांची साखळी लागते. शिवाय हा अभ्यास आधी-नंतरच्या तुलनेवर आधारलेला होता आणि त्यात स्वतंत्र तुलना गट नव्हता, हेही ध्यानात ठेवावे लागते.

त्यानंतर बेळगाव, नागपूर आणि केनिया येथे मिळून हाच कार्यक्रम मोठ्या प्रमाणावर राबविण्यात आला. त्याचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या भागांतील सर्व नोंदणीकृत जन्मांचा विचार करता प्रसवकालीन मृत्यूंच्या एकूण प्रमाणात स्पष्ट घट आढळली नाही. त्याच कार्यक्रमातील प्रशिक्षणार्थींची वेळोवेळी परीक्षा घेतली असता असे दिसले की, प्रशिक्षणानंतर लगेच उत्तम असलेले कौशल्य काही महिन्यांत घसरते. त्यातही ज्ञानापेक्षा बॅग व मास्क वापरण्याचे कसब लवकर ओसरते आणि पुन्हा सराव केला की ते परत येते.

टांझानियातील हायडम या ग्रामीण रुग्णालयाचा अनुभव या निष्कर्षाला पूरक आहे. तेथे एका दिवसाच्या प्रशिक्षणानंतर कर्मचाऱ्यांची बाहुलीवरील कामगिरी सुधारली, पण प्रसूती कक्षातील प्रत्यक्ष वागणूक बदलली नाही. मग बाहुली प्रसूती कक्षातच ठेवून काही मिनिटांचा वारंवार सराव सुरू करण्यात आला. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार पहिल्या २४ तासांतील नवजात मृत्यू दर हजार जन्मांमागे ११.१ वरून ७.२ वर आले. बाहुली तीच होती आणि रुग्णालयही तेच होते. बदलली होती ती सरावाची जागा आणि वारंवारता.

आपल्या देशातील आणखी दोन अनुभव येथे उपयुक्त ठरतात. सुरक्षित प्रसूतीसाठी जागतिक आरोग्य संघटनेने तयार केलेली तपासणी सूची प्रथम कर्नाटकातील एका प्रसूती केंद्रात आजमावली गेली. तेथे २९ आवश्यक कृतींपैकी सरासरी १० कृती होत असत, त्या २५ पर्यंत वाढल्या. मात्र उत्तर प्रदेशातील १२० आरोग्य केंद्रांत झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत कर्मचाऱ्यांच्या कृती सुधारूनही माता व बालकांच्या मृत्यूंत आणि गंभीर आजारांत लक्षणीय फरक पडला नाही. कौशल्य, साधनसामग्री व संदर्भसेवा यांपैकी एकच बाजू सुधारली तर परिणाम अपुरा राहतो, हा यातील बोध आहे.

दुसरा अनुभव महाराष्ट्रातील आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९० च्या दशकात ३९ गावांत अल्पशिक्षित आरोग्यदूतांना घरोघरच्या नवजात सेवेचे प्रशिक्षण दिले. श्वास कोंडलेल्या बाळाला कृत्रिम श्वास देणे हा त्याचाच भाग होता. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने तेथील नवजात मृत्यूदर सुमारे ६२ टक्क्यांनी घटला. पदवी नसलेल्या हातांनीही, सराव व सातत्यपूर्ण देखरेख मिळाल्यास, जीव वाचविता येतो, हे यावरून सिद्ध झाले. येथे प्रशिक्षणाला जन्मानंतरच्या घरभेटींची जोड होती, ही बाबही तितकीच महत्त्वाची आहे.

शासकीय धोरण आणि वैद्यकीय शिक्षण

केंद्र सरकारने सप्टेंबर २००९ मध्ये नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रम सुरू करून आरोग्य कर्मचाऱ्यांना नवजात बालकांची मूलभूत काळजी व पुनरुज्जीवन यांचे प्रशिक्षण देण्यास आरंभ केला. २०१५ मध्ये दिल्ली व परिसरात ‘दक्ष’ या नावाने राष्ट्रीय कौशल्य प्रयोगशाळा उभारण्यात आल्या. पुढे अनेक राज्यांत अशा प्रयोगशाळा निघाल्या. २०१७ च्या ‘लक्ष्य’ उपक्रमाने प्रसूती कक्ष व प्रसूतीच्या शस्त्रक्रियागृहांचा दर्जा सुधारण्यावर भर दिला. बिहारमध्ये परिचारिका-मार्गदर्शकांचे चमू आरोग्य केंद्रांत जाऊन तेथेच सिम्युलेशनद्वारे प्रशिक्षण देत, असाही प्रयोग झाला.

डॉक्टरांच्या शिक्षणात मोठा बदल २०१९ मध्ये झाला. त्या वर्षी प्रवेश घेतलेल्या एम.बी.बी.एस. विद्यार्थ्यांपासून क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम लागू झाला आणि वैद्यकीय महाविद्यालयांत कौशल्य प्रयोगशाळा आवश्यक ठरली. विद्यार्थ्याने किती तास हजेरी लावली यापेक्षा त्याला काय करता येते, हे पाहणे हा या अभ्यासक्रमाचा हेतू आहे. सप्टेंबर २०२० मध्ये भारतीय वैद्यकीय परिषदेची जागा राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने घेतल्यानंतरही हीच दिशा कायम राहिली. संवादकौशल्य व नीतिमूल्ये यांचाही अभ्यासक्रमात समावेश आहे.

शहरातील प्रयोगशाळा, गावातील प्रसूती

आता खरे आव्हान अंतराचे आहे. म्हैसूर जिल्ह्याचे उदाहरण घेता येईल. १९२४ मध्ये स्थापन झालेले म्हैसूर वैद्यकीय महाविद्यालय शहरात आहे. त्याच जिल्ह्याच्या पिरियापट्टण तालुक्यात, टेकडीवरील मल्लिकार्जुन मंदिरासाठी ओळखले जाणारे बेट्टदपूर हे गाव आहे. अशा गावांच्या परिसरातील परिचारिकेला शहरातील प्रयोगशाळेत प्रशिक्षणासाठी वर्षातून एकदा पाठविणे शक्य असते. परंतु बेळगाव, नागपूर व हायडम येथील अनुभव सांगतात की, एकदाचे प्रशिक्षण काही महिन्यांत पुसट होते. शिवाय ती प्रशिक्षणाला गेली की तिच्या केंद्रातील पाळी रिकामी पडते. सीमाभागापासून म्हैसूरपर्यंत आणि विदर्भापासून कोकणापर्यंत हीच अडचण आहे.

यावरचा उपाय खर्चिक नाही. प्रत्येक प्रसूती केंद्रात एक साधी बाहुली व अंबू बॅग सरावासाठी उपलब्ध असावी. आठवड्यातून एकदा, पाळी बदलताना, दहा मिनिटांचा सराव नेमून दिलेला असावा. त्यात परिचारिका, वैद्यकीय अधिकारी आणि सफाई कर्मचारी असा सर्व चमू सहभागी व्हावा, कारण मदतीसाठी धावण्याचे व दिवा लावण्याचे काम अनेकदा त्यांच्यावरच येते. खऱ्या कक्षात सराव केला म्हणजे कपाटाची हरवलेली किल्ली, बंद पडलेला ऊबयंत्राचा दिवा, फाटलेला मास्क हे दोष आपोआप उघड होतात. वैद्यकीय महाविद्यालयांनी जिल्ह्यातील काही केंद्रे दत्तक घेऊन तेथे प्रशिक्षक पाठवावेत आणि प्रत्येक उपजत मृत्यूनंतर, दोषारोप न करता, घटनाक्रमाची चर्चा व्हावी. नोंदवहीत ‘नाळेची नाडी पाहिली काय’ हा एक रकाना वाढविल्यास न झालेली कृतीही दिसू लागेल.

समारोप

सिम्युलेशनकडे केवळ यंत्रसामग्रीच्या खरेदीचा विषय म्हणून पाहिल्यास महागडे पुतळे काचेच्या कपाटात पडून राहण्याचा धोका आहे. बेळगावच्या अनुभवाचे सार असे की, साधी बाहुली आणि नियमबद्ध सराव यांनी दर हजारामागे काही बाळांचे प्राण वाचू शकतात. पण हा लाभ टिकण्यासाठी सराव वारंवार व्हावा लागतो, तो कामाच्या जागीच व्हावा लागतो आणि त्याच्या पाठीशी सक्षम आरोग्य व्यवस्था असावी लागते. संविधानाच्या अनुच्छेद ४७ ने सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य मानले आहे. दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येक मातेला सरावलेले हात मिळावेत, ही त्या कर्तव्याची आजची पायरी आहे.

अभ्यासासाठी प्रश्न

१. संस्थात्मक प्रसूतींचे प्रमाण वाढूनही नवजात मृत्यूदराचा प्रश्न का उरतो, ते स्पष्ट करा.

२. ‘वैद्यकीय चूक ही बहुधा व्यवस्थेतील दोषांची परिणती असते.’ उदाहरणे देऊन चर्चा करा.

३. बेळगावच्या अभ्यासात उपजत मृत्यू घटले, पण नवजात मृत्यूदर बदलला नाही. याची कारणमीमांसा करा.

४. क्षमताधिष्ठित वैद्यकीय अभ्यासक्रम आणि ग्रामीण भागातील कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण यांची सांगड कशी घालता येईल?